रातराणी, न्हावी आणि संन्यासी

लेकीला ऑपेरा ऐकवण्याचा माझा पहिला प्रयत्न जेमतेम चाळीस सेकंद टिकला. तेव्हा ती सात वर्षांची होती. पावसाळ्यातली रविवारची दुपार, बाहेर जायची सोय नाही, म्हणून मी मोठ्या हौसेनं मोबाईलवर मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधलं राणीचं ते प्रसिद्ध पद लावलं. बाईंचा आवाज वर चढू लागला तशी लेकीनं दोन्ही कान झाकले. झोपाळ्यावर पेपर वाचत बसलेले माझे सासरे चष्मा खाली करून म्हणाले, “कुणाचं बोट दारात सापडलं काय गो?”

मोबाईल बंद झाला. विषयही बंद झाला असता, पण त्याच वर्षी चवथीला नणंद परदेशातून आली आणि तिच्या बॅगेतून एक जुनं, कोपरे दुमडलेलं चित्रांचं पुस्तक निघालं. तिच्या मुलांचं वाचून झालेलं. गोष्ट तीच, मॅजिक फ्लूटची. मुखपृष्ठावर अंगभर पिसं चिकटवलेला, पाठीवर पिंजरा घेतलेला एक माणूस होता. तो लेकीला इतका आवडला की रात्री पुस्तक उशाशी घेऊन झोपली.

पुस्तक इंग्रजीत, ऑपेरा मुळात जर्मन, आणि आम्ही वाचणार मराठीत. त्यामुळे मी वाचत नव्हते, चित्रं दाखवत सांगत होते. “ही रात्रीची राणी,” मी म्हटलं. लेक म्हणाली, “म्हणजे रातराणी? आपल्या विहिरीकडे आहे ती?” तेव्हापासून आमच्या घरी तिचं नाव रातराणीच. आणि खरं सांगते, एवढं चपखल भाषांतर मला जन्मात सुचलं नसतं.

पुस्तकात एका पानावर रातराणी आपल्या मुलीच्या हातात सुरा देते आणि सांगते, जा, त्या साराष्ट्रोला मारून ये. नाही मारलंस तर तू माझी मुलगीच नाहीस. चित्रात राणीचा झगा आभाळभर पसरलेला, आणि पोरगी कोपऱ्यात एवढीशी. लेक बराच वेळ त्या पानावर थांबली. “आई असं कसं सांगते?” मी म्हटलं, “फार रागावली आहे ती. आणि ते ती बोलत नाही, गाऊन सांगते. ऐकायचं?” मग तेच पद, त्याच बाई, तोच मोबाईल. यावेळी कान झाकले गेले नाहीत. पद संपल्यावर ती म्हणाली, “ती ओरडत नाहीये. तिला राग आवरत नाहीये.”

गाणं तेच होतं. बदल एवढाच, की कोण गातंय आणि का गातंय हे तिला आता ठाऊक होतं.

खुद्द मोझार्टच्या घरातही असंच काहीसं घडलं होतं. हा ऑपेरा व्हिएन्नात ३० सप्टेंबर १७९१ रोजी रंगभूमीवर आला. पुढच्याच महिन्यात मोझार्ट आपल्या सासूबाईंना तो दाखवायला घेऊन गेला. गावाला गेलेल्या बायकोला लिहिलेल्या पत्रात तो मिश्कीलपणे कळवतो, की सासूबाईंना संहिता आधीच वाचायला दिली आहे आणि त्या बहुधा ऑपेरा ऐकण्याऐवजी पाहूनच येतील. सात वर्षांच्या मुलाला, कार्लला, नेलं तेव्हा तो अगदी हरखून गेला, हेही त्यानं कळवलंय. म्हणजे सात वर्षांच्या मुलांनी हा ऑपेरा बघावा ही काही आजची टूम नव्हे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ डिसेंबरला, मोझार्ट गेला. हे मात्र मी लेकीला बरंच उशिरा सांगितलं.

याच पत्रांतली आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण तिच्यामुळे आमच्या घरातलं वारं फिरलं. तो पिसांचा माणूस म्हणजे पापागेनो, पक्षी पकडणारा. त्याच्याकडे जादूच्या घंटांचा एक डबा असतो. रंगमंचावरचा नट फक्त वाजवल्याचं सोंग करतो, खरं वाद्य पडद्यामागे कुणीतरी वाजवत असतं. एका प्रयोगाला मोझार्ट स्वतः मागे जाऊन बसला. पापागेनो झालेला शिकानेडर बोलताना मध्येच थांबला, तर यानं नको तिथे स्वरांची एक लड वाजवून टाकली. शिकानेडर दचकला. पुढच्या वेळी त्याला वाटलं आता वाजेल, म्हणून तो थांबून राहिला, तर मोझार्ट गप्प! शेवटी वाजवलं तेव्हा शिकानेडरनं चिडून त्या डब्यावरच चापट मारली आणि त्याला गप्प बस म्हणून दटावलं. प्रेक्षक खो खो हसले. घंटा तो स्वतः वाजवत नाही, हे कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

हे मी लेकीला सांगत होते, आणि झोपाळ्याची करकर थांबली. माझे सासरे गावच्या देवळातल्या नाटकांना चाळीसेक वर्षं पेटी वाजवत आले. ते म्हणाले, “पेटीवाला म्हटला की एवढं तो करणारच. आमच्या नारदाला मी एकदा असाच अर्धा स्वर वर नेऊन ठेवला होता.” मग तो किस्सा निघाला, तो नारद कोण, त्याची शेंडी कशी सुटली, सगळं निघालं. सासूबाई गेल्यापासून पेटीवर कापड होतं. त्या दिवशीही ते निघालं नाही, पण पेटीचा विषय तरी निघाला.

त्यानंतर आमची एक पद्धतच पडून गेली. पुस्तक आधी, गाणं नंतर. एका बैठकीला एकच पद, फार तर दोन. पूर्ण ऑपेरा तीन-तीन तास चालतो, तो मुलांना अख्खा दाखवायला बसवणं म्हणजे त्यांना कायमचं पळवून लावणं, असं माझं मत आहे. (मोठ्यांचंही काही वेगळं होत नाही. माझा नवरा दुसऱ्या अंकात घोरतो.) चित्रात पात्राचं तोंड उघडं दिसलं की लेक बोट ठेवते, “इथे गाणं आहे!” बहुतेक वेळा असतंच. पापागेनोला शेवटी त्याची पापागेना भेटते तेव्हा दोघं आनंदानं ‘प’ या एका अक्षरावरच अडखळत राहतात. ते गाणं आमच्याकडे महिनाभर नाश्त्याच्या टेबलावर चालू होतं. धाकट्याला तेव्हा नीट बोलता येत नव्हतं, पण ‘प’ येत होता, त्यामुळे त्याचीही सोय झाली.

पुढची गोष्ट ‘हान्सेल आणि ग्रेटेल’. या ऑपेराची सुरुवातच घरात झाली. हुंपरडिंकच्या बहिणीला, आडेलहाइड वेटेला, आपल्या मुलांसाठी घरगुती खेळ करायचा होता, त्यासाठी तिनं भावाकडून गाण्यांना चाली मागितल्या. तिथून वाढत वाढत १८९३च्या नाताळाच्या तोंडावर वायमारला त्याचा ऑपेरा झाला. ग्रिमच्या मूळ कथेत आईबाप पोरांना मुद्दाम जंगलात सोडून येतात. या बाईंनी ते बदललं. इथे आई वैतागून त्यांना स्ट्रॉबेरी वेचायला पिटाळते आणि मग तिचाच जीव खालीवर होतो. घरात लहान मुलं असलेल्या बाईनं लिहिलंय हे लगेच कळतं.

चित्रांवरून ऑपेरा झाल्याचंही एक उदाहरण आहे. चेक संगीतकार यानाचेक याच्या शहरातल्या वर्तमानपत्रात १९२० साली एका चतुर कोल्हिणीची सचित्र गोष्ट क्रमशः येत होती. त्याच्या घरी काम करणारी बाई ती वाचून हसत होती, तिच्यामुळे त्याचं तिकडे लक्ष गेलं म्हणतात. १९२४ साली ब्रनोला कोल्हिणीचा ऑपेरा उभा राहिला. आधी चित्र, मग गाणं, ही आमची पद्धत काही अगदीच गावठी नाही तर!

पण सगळंच गोड नाही, हेही सांगायला हवं. ऑपेरातल्या बायका फार मरतात. कार्मेन मरते, तोस्का मरते, बटरफ्लाय मरते. मुलांच्या काही पुस्तकांत हे शेवट इतके गुळमुळीत करून टाकलेले असतात की गाणं आणि गोष्ट यांचा मेळच बसत नाही. चित्रात सगळे हसताहेत आणि गाण्यात कुणीतरी आक्रोश करतंय. मुलांना हे बरोबर कळतं. त्यापेक्षा ती गोष्ट सध्या सांगूच नये. मॅजिक फ्लूटमध्येही मोनोस्टाटोस नावाचं पात्र आहे, काळ्या कातडीचा म्हणून त्याला हिणवलं जातं, आणि बायकांना अक्कल नसते अशा अर्थाची वाक्यंही आहेत. आमच्या पुस्तकानं मोनोस्टाटोसला नुसता दुष्ट पहारेकरी केला होता. मला ते योग्य वाटलं. लेक मोठी होईल, मूळ संहिता बघेल, तेव्हा भांडेल मोझार्टशी.

एका पुस्तकानं मात्र शेवट लपवला नाही. ‘आयडा’. वेर्दीचा हा ऑपेरा १८७१ साली कैरोत पहिल्यांदा झाला. पुस्तकात ही गोष्ट सांगितली आहे लिओन्टिन प्राइस यांनी आणि चित्रं काढली आहेत लिओ व डायान डिलन या जोडप्यानं. लिओन्टिन प्राइस म्हणजे अमेरिकेतल्या मिसिसिपीत जन्मलेल्या थोर कृष्णवर्णी गायिका. १९८५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांनी निरोपाचा प्रयोग केला तोही आयडाचाच. इथिओपियाची राजकन्या, इजिप्तमध्ये दासी झालेली, ही भूमिका त्यांना आपली वाटत होती, आणि पुस्तक वाचताना ते जाणवतं. शेवटी प्रियकराला जिवंतपणी दगडी तळघरात बंद करतात, तर आयडा आधीच आत जाऊन लपलेली असते.

लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिनं विचारलं, “त्यांना कुणी बाहेर का काढलं नाही?” मी उत्तर शोधत होते, तर आजोबाच म्हणाले, “वर जी बसली आहे ती राजाची मुलगी, तिला काढायचं होतं. पण तिनंच आधी राग धरला होता ना.” आजोबा कधीपासून ऐकत होते कोण जाणे. त्यानंतर आम्ही शेवटचं युगलगीत लावलं. लहान आवाजात, हळूहळू विरत जाणारं. पद संपल्यावर कुणी काही बोललं नाही. आजोबा उठून आत गेले. सासूबाईंच्या पहिल्या वर्षश्राद्धाला तेव्हा आठ दिवस होते, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

‘ब्रुंडिबार’ हे पुस्तक मी घेतलंय, पण त्याबद्दल अजून माझं ठरत नाही. आजारी आईसाठी दूध आणायला निघालेली दोन भावंडं आणि त्यांना गाऊ न देणारा दांडगट बाजेवाला, एवढी सोपी गोष्ट. मॉरिस सेंडॅकची चित्रं आहेत, २००३ सालची. पण हान्स क्रासाचा हा बालऑपेरा नाझींच्या तेरेझिन छावणीत कैदेतल्या मुलांनी पन्नासहून अधिक वेळा केला, आणि त्यातली बहुतेक मुलं वाचली नाहीत. क्रासाही नाही. मी लेकीला गोष्ट सांगितली, मुलं जिंकतात तिथे थांबले. पुस्तकाचा उरलेला अर्थ वरच्या फळीवर ठेवला आहे.

आता न्हाव्याकडे येते.

रोसिनीचा ‘सेव्हिलचा न्हावी’, १८१६ साली रोममध्ये पहिला प्रयोग, आणि तो साफ पडला. भर प्रयोगात रंगमंचावर मांजर आलं होतं असं सांगतात. (यावर लेकीची सहानुभूती मांजराला.) गोष्ट अशी: रोझिना नावाच्या मुलीला तिचा पालक, म्हातारा डॉक्टर बार्तोलो, घरात कोंडून ठेवतो, कारण तिचा पैसा बघून त्यालाच तिच्याशी लग्न करायचंय. तरुण सरदार आल्माविवा तिच्या प्रेमात पडलेला. घरात शिरायचं कसं? मदतीला फिगारो न्हावी. सरदार एकदा दारुड्या शिपायाचं सोंग घेऊन येतो, एकदा गाण्याचा मास्तर होऊन. म्हातारा त्याला स्वतः घरात घेतो, आणि त्याच्या नाकासमोर शिकवणी सुरू होते.

मी एवढं सांगेपर्यंत आजोबा झोपाळ्यावरून उतरून आमच्या सतरंजीवर येऊन बसले होते. म्हणाले, “अगो, हे तर सौभद्र!”

आणि खरंच की. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायचीय. अर्जुन संन्याशाचा वेष घेतो. बलराम त्या यतीला मोठ्या भक्तिभावानं घरी आणतो आणि सेवेला नेमतो कुणाला, तर सुभद्रेलाच. फिगारोच्या जागी साक्षात कृष्ण. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली हे पुण्यात रंगभूमीवर आणलं. त्यांनी रोसिनी ऐकला होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. कथा महाभारतातली आहे. पण वेषांतर करून सासुरवाडीत शिरणारा जावई सगळीकडेच गाणी म्हणतो, असं दिसतं.

लेक म्हणाली, “सौभद्र म्हणजे काय?”

आजोबा गप्प झाले. थोड्या वेळानं माझ्याकडे बघून म्हणाले, “हिला इटलीतला न्हावी ठाऊक आहे. अर्जुन संन्यासी झाला ते ठाऊक नाही.” आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. ज्या घरातल्या पेटीवर सौभद्राची पदं कितीदा वाजली असतील त्याचा हिशेब नाही, त्याच घरात त्या पेटीशेजारी बसून मी मुलीला व्हिएन्ना दाखवत होते. मला सबब होती. त्या पुस्तकांत चित्रं होती. आमच्याकडे सौभद्राची एक पिवळी पडलेली प्रत आणि पदांची एक पातळशी पुस्तिका होती, नाटकाच्या वेळी थिएटराबाहेर विकत त्यातली. दहा वर्षांच्या मुलीनं तिला हात लावावा असं तिच्यात काही नव्हतं. मी दोन-तीन दुकानांत सचित्र सौभद्र विचारलंही. दुकानदारानं मला ‘सुभद्राहरण’ नावाचं रंगवायचं पुस्तक दाखवलं, त्यात सुभद्रा कोणती आणि सारथी कोणता हे ओळखणं अवघड होतं.

शेवटी पुस्तक घरातच झालं. कालनिर्णयाची पाठकोरी पानं, स्केचपेन, आणि आजोबा सांगतील तसं. नारदाची शेंडी आधी ठरली (किस्सा आठवा). घटोत्कचाला दोन पानं लागली, एकात मावेना. अर्जुनाच्या भगव्या कफनीखालून धनुष्याचं टोक दिसतंय, हे तिचं स्वतःचं. “नाहीतर वाचणाऱ्याला कसं कळणार तो खोटा आहे ते?” आणि जिथे पद आहे तिथे पानाच्या कोपऱ्यात छोटीशी पेटी काढायची असं ठरलं. पहिली पेटी काढून झाल्यावर तिनं वर पाहिलं. “आजोबा, इथे वाजवायचं.”

पेटीवरचं कापड निघालं. भात्याला एक भोक पडलं होतं, त्यावर चिकटपट्टी लावली. दोन स्वर दाबूनही उठत नव्हते. आजोबांचा आवाज आता खालच्या पट्टीतच लागतो. पण पानं उलटत गेली तशा कोपऱ्यातल्या पेट्या वाढत गेल्या. मूळ नाटकात पदं शंभराच्या घरात, आम्ही अकरांवर थांबलो.

आपल्या गोव्यात ही देवाणघेवाण नवी नाही, हे मला या सगळ्या उद्योगात कळलं. आमच्या शेजारच्या बाई तियात्राच्या मोठ्या शौकीन. तियात्र हे नावच पोर्तुगीजातून आलेलं. पहिला तियात्र ‘इटालियन भुरगो’ १८९२ साली मुंबईत झाला, आणि तो करणारे लुकाझिन रिबेरो हे मुंबईत आलेल्या एका इटालियन ऑपेरा कंपनीचे खेळ बघून भारावलेले होते. ऑपेरा आपल्या अंगणापर्यंत एकदा येऊन गेलाय तो असा. मुंबईचं ‘ऑपेरा हाऊस’ माझ्या सासऱ्यांना कित्येक वर्षं बसचा थांबा म्हणूनच माहीत होतं. १९९३ पासून ते बंद होतं, २०१६ साली दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. कधीतरी मुलांना घेऊन जायचंय.

त्याआधी देवळातलं सौभद्र पाहायचं होतं. यंदाच्या उत्सवात होतंच. नाटक सुरू व्हायला साडेदहा वाजले. लेक पहिल्या रांगेत सतरंजीवर, मांडीवर कालनिर्णयाची पानं, शेजारी आजोबा. यंदा पेटीला दुसरा मुलगा होता, तरणा. अर्जुन कफनी घालून आला तेव्हा लेक एवढ्या मोठ्यानं “धनुष्य दिसत नाही!” म्हणाली की तबलजी हसला. प्रत्येक पदाला ती पानावरच्या पेटीवर बोट ठेवत होती. आमच्या पुस्तकात नसलेलं पद आलं की आजोबांकडे तक्रारीनं बघत होती, आणि आजोबा खुणेनं सांगत होते, नंतर सांगतो.

मध्यरात्रीनंतर कधीतरी, बलराम यतीच्या पाया पडत असताना, ती झोपली. आजोबांनी तिला उठवू दिलं नाही. शाल घालून ते शेवटपर्यंत बसून राहिले.

पुस्तकाचं शेवटचं पान, लग्नाचं, अजून कोरं आहे. बघितल्याशिवाय काढणार नाही म्हणते. पुढच्या महिन्यात शेजारच्या गावी पुन्हा सौभद्र आहे. दुपारी झोपून घ्यायचं, असं दोघांचं ठरलंय.